रॉक ऐकणारा कान 'तयार' होतो म्हणजे नेमकं काय होतं?

जागल्या (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. परवा भाच्याच्या साक्षगंधाला नागपूरला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर पोरं गच्चीवर गाणी लावून बसली. माझी पाळी आली तेव्हा मी ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचं गाणं लावलं. आमचे साडभाऊ बाजूलाच होते. म्हणाले, "अजून हेच का भाऊ? बेचाळीस झाले तुम्हाले. हे पोट्टेपणीचं खूळ असते, वय वाढलं की कानही वाढला पाहिजे." माणूस मनाचा चांगला आहे, टोमणा नव्हता. म्हणूनच ते बोलणं डोक्यात राहिलं. परतीच्या एस.टी.त आर्णी येईपर्यंत तोच विचार.

माझं ऐकणं १९९९ साली सुरू झालं. अकरावीला यवतमाळला चौघांत एक खोली होती. एकानं नागपूरच्या सीताबर्डीहून डीप पर्पल या बँडची कॅसेट आणली, कव्हर झेरॉक्सचं, गाण्यांची नावं पेनानं लिहिलेली. इंग्रजी कळत नव्हतं. 'स्मोक ऑन द वॉटर'मधली (म्हणजे 'पाण्यावरचा धूर') गिटारची ती सगळ्यांना माहीत असलेली ओळ वाजली की चौघांच्या माना एकदम हलायच्या, बस. त्या गाण्यातला धूर खरा होता हे मला पंधरा वर्षांनी कळलं. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो गावी बँड रेकॉर्डिंगसाठी उतरला होता. तिथल्या कसिनोला दुसऱ्याच एका कार्यक्रमात आग लागली आणि तळ्यावर पसरलेला धूर यांनी डोळ्यांनी पाहिला. हे कळल्यावर गाणं पुन्हा लावलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की गिटार आधी एकटी येते, मग झांज, मग ढोल, मग बेस गिटार. एकेक माणूस दार उघडून आत यावा तसं. पंधरा वर्षं ऐकत होतो आणि हे ऐकलंच नव्हतं.

त्याला आणखी एक कारण आहे. माझं निम्मं ऐकणं जागलीत झालं. हरभऱ्यात डुकरं, कपाशीत रोही. रात्री माळ्यावर बसायचं तर इअरफोन एकाच कानात, डाव्या. उजवा कान वावराकडे. सरसर झाली की बॅटरी मारायची, हाकलायचं, परत बसायचं. म्हणजे अर्धं संगीत माझ्यापर्यंत आलंच नाही.

तर विचारायचं असं, की ऐकण्यात परिपक्वता असते का? तुमच्याबाबतीत वयासोबत गाणी बदलली, की तीच गाणी वेगळी ऐकू यायला लागली?

तर्रीपोहे

साडभाऊंना माझ्याकडून विचारा, तर्री पोहे आपण आठवीत खायला लागलो. आता चाळिशीत तर्री सोडून नुसते पोहे खायचे का?

मास्तर_आर्वी

जागल्या, तुमच्या एका कानावरून आठवलं. मी १९६९ ला नागपूरला कॉलेजात होतो. होस्टेलवर एकाकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याचा एकच स्पीकर चालायचा. बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी मुळात मोनोसाठी, म्हणजे एकाच स्पीकरसाठी केलेल्या. त्यांचं स्टीरिओ करताना गाणारे एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला टाकलेली. त्यामुळे आम्ही कित्येक महिने वाद्यंच ऐकली, चौघं गायचे फार लांबून, शेजारच्या घरात गात असल्यासारखे. एकानं दुसऱ्या स्पीकरची वायर जोडली त्या दिवशी खोलीत शांतता पसरली होती.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर. तेव्हा आमच्यात दोन पार्ट्या होत्या, बीटल्सवाले आणि रोलिंग स्टोन्सवाले. मी बीटल्सवाला, म्हणून स्टोन्स ऐकायचेच नाहीत. ऐकले असते तर आवडले असते याची मला भीती होती. ती भीती गेली त्याला मी मोठं होणं म्हणतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचे ड्रम ऐकतो आणि एवढी वर्षं का घालवली असं वाटतं. किती कमी वाजवतो तो माणूस!

कानसेन (मूळ वाशीम, सध्या पुणे)

मी साडभाऊंच्या बाजूनं बोलतो, कोणीतरी बोललंच पाहिजे. कान ही शिकवायची गोष्ट आहे. शास्त्रीय संगीतात 'तयार कान' म्हणतात तो आपोआप तयार होत नाही. तीन कॉर्ड आणि आरडाओरडा सोळाव्या वर्षी ठीक. पुढं किंग क्रिम्सन या बँडचा १९६९ चा पहिला अल्बम ऐकावा, तिथून जॅझकडे जावं. पायऱ्या असतात. आठवीची कविता आपण बी.ए.ला म्हणत नाही. ज्याला सगळंच सारखं आवडतं त्याला आवड आहे असं मी मानत नाही. आवड म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे काही गोष्टी मागं टाकणं.

झाडीचा_पोरगा (वडसा)

मी १९ चा आहे. राग आला की मेटल लावतो, अर्ध्या तासात डोकं शांत होते. परिपक्व झालो तर राग येणार नाही का? खरंच विचारून राहिलो.

मास्तर_आर्वी

येईल बाळा. कशाचा येतो ते बदलेल.

पऱ्हाटी (दर्यापूरजवळ)

कानसेन दादा, आठवीची कविता मी आजही म्हणते आणि ती आता जास्त कळते. त्यामुळे तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. जरा सविस्तर लिहिते.

माहेर अकोल्याचं. मोठ्या भावाकडे वॉकमन होता आणि पिंक फ्लॉइड या बँडची १९७५ ची कॅसेट. त्यातलं पहिलं गाणं इतकं लांब की गायक तोंड उघडेपर्यंत आठ मिनिटांच्या वर वेळ जातो. मला धीर नव्हता. मी कॅसेट पुढं पळवायचे आणि भाऊ ओरडायचा, कारण पळवण्यात सेल लवकर संपत. सेल उन्हात ठेवून परत चालवायचे दिवस होते ते. मला वाटायचं गाणं म्हणजे शब्द सुरू होतात तिथून पुढचं, आधीचं सगळं तयारीचं.

लग्न होऊन इकडे आले त्याला अठरा वर्षं झाली. पहाटे स्वयंपाकाला लागते तेव्हा फोन फडताळात उभा करून ठेवते, आवाज बारीक. त्या आठ मिनिटांत माझ्या चार भाकरी होतात. पहिली थापताना नुसता सूर धरलेला असतो, धुक्यासारखा. दुसरी तव्यावर असते तेव्हा गिटारचे ते चार सुटे स्वर येतात आणि थांबतात. ते थांबणं मला सोळाव्या वर्षी रिकामं वाटायचं. आता त्या थांबण्यासाठी मीही हात थांबवते. चौथी फुगली की आवाज येतो.

आणि ते गाणं कोणासाठी आहे ते नंतर वाचलं. सिड बॅरेट, त्यांच्याच बँडचा सुरुवातीचा मुख्य माणूस. मनाच्या आजारामुळे १९६८ मध्ये त्याला बँडमधून जावं लागलं. ५ जून १९७५ ला हे लोक लंडनच्या स्टुडिओत त्याच अल्बमचं काम करत असताना तो अचानक येऊन बसला. अंग सुटलेलं, डोक्याचे आणि भुवयांचे केस काढलेले. मित्रांनी आधी ओळखलंच नाही.

माझा भाऊ, ज्याचा तो वॉकमन, गेली नऊ वर्षं औषधांवर आहे. घरात असतो, जेवतो, विचारलं तर हो-नाही म्हणतो. दिवाळीला गेले की मी ते गाणं लावते आणि पळवत नाही. मागच्या वर्षी तो म्हणाला, "सेल जातील गं." एवढंच बोलला.

मला पायऱ्या माहीत नाहीत. गाणं तेच आहे.

तर्रीपोहे

ताई, वाचून फोन खाली ठेवला थोडा वेळ.

बेंबळाकाठी (बाभूळगाव तालुका)

पऱ्हाटीताई, दंडवत. माझंही एक सांगतो.

जागल्याभाऊनं ब्लॅक सॅबथ लिहिलं म्हणून धाग्यावर आलो. २००८ च्या दिवाळीनंतर कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तेव्हा मी गिटार शिकत होतो, सेकंडहँड, साडेसातशे रुपयांची. तार दाबायचा हातच तो. गिटार खुंटीला टांगली आणि रॉक ऐकणंही बंद केलं, कारण सोलो सुरू झाला की बोटं ठणकायची.

दोन वर्षांनी एका मित्रानं टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. हा सॅबथचा गिटारवाला, बर्मिंगहॅमचा, डावखुरा. १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीननं नेली, तेही कामाच्या शेवटच्या दिवशी. कारखान्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली. हा जँगो आगीत भाजलेल्या हातानं, दोनच बोटांवर सोलो वाजवायचा. मग आयोमीनं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, पातळ तारा शोधल्या. पुढं तारा सैल केल्या, सूर खाली उतरवला. सैल तार दाबायला सोपी. सॅबथचा जो जड, खोल आवाज सगळे म्हणतात त्यात त्या सैल तारेचा वाटा आहे.

आधी मला सॅबथ म्हणजे भुताखेताचा आवाज वाटायचा. आता ऐकताना तार बोटाला कुठं लागत असेल ते मला जाणवतं. मी सायकलच्या ट्यूबच्या टोप्या करून पाहिल्या, घसरतात. सध्या चामड्याच्या आहेत, चांभारकाकांनी शिवून दिल्या. तीन कॉर्ड नीट लागतात. कानसेन साहेब, तुम्ही ज्या तीन कॉर्डना नावं ठेवली त्या तीन लागायला मला सहा वर्षं लागली.

कानसेन

बेंबळाकाठी, तो शब्द मागं घेतो. मनापासून.

खंजेरीवाला (तिवसा तालुका)

मी बी बोलतो भाऊ. आमचं गाव मोझरीच्या बाजूचं. लहानपनापासून मंडळात खंजेरी वाजवतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं. इंग्रजी गान्याच्या नादी लागलो पोराच्या फोनमुळं.

त्याच पिंक फ्लॉइडचं पैशावरचं एक गानं हाय, १९७३ चं. सुरुवातीले नान्याईचा अन् गल्ल्याचा आवाज येते. मी मांडीवर ठेका धरला त चुकला. परत धरला, परत चुकला. मले लाज वाटली, चाळीस वर्षं ठेका धरनाऱ्याचा हात चुकते म्हनजे काय? मंग डोये मिटून बोटावर मोजलं. सात! आपला रूपक जसा सात मात्रांचा, तसं. अन् मधात गिटार सुरू झाली का चाराचं होते, थे सरलं का परत साताले येते. गाडी बांधावरून वावरात उतरावी अन् परत बांधावर चढावी तसं गमते. आता मी पोराले दाखवतो, हे पाय, आता उतरते. थो म्हनते बाबा तुमाले कसं कयते?

मले इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पन कान तयार व्हता, फकस्त त्या गान्याची अन् माही भेट झाली नव्हती.

कानसेन

खंजेरीवाले काका, पण हेच तर मी म्हणतोय. तुमचा कान शिकलेला आहे म्हणून सात सापडले.

खंजेरीवाला

शिकलेला हाय, बरोबर. पन भजनात शिकला. तुमच्या पायरीवर मी कधी चढलोच नाही, मी त बाजूच्या दारानं आलो.

सोयाबीन_एक्सप्रेस (पुसद)

वा काका!

अवांतर: २०११ ला मेटॅलिका ही मेटल बँड बेंगळुरूला आली होती, ३० ऑक्टोबर, पॅलेस ग्राउंड्स. मी सोयाबीन काढून लगेच निघालो. घरी सांगितलं नोकरीची मुलाखत आहे. आठवडाभर उन्हात सोंगणी करून हात सोललेले आणि त्याच हातांनी कठड्याला धरून उभा होतो. माझ्या बाजूला चाळिशीपुढचा एक कन्नड माणूस होता, ऑफिसच्या कपड्यांत. बेसवाल्या क्लिफ बर्टनच्या काळातलं गाणं आलं (बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, २४ वर्षांचा होता), तेव्हा हा माणूस ओरडला नाही, उडी मारली नाही, नुसता रडला. तेव्हा मला तो म्हातारा वाटला होता. आता मी त्याच्या वयाला आलोय आणि १९८६ चा तो अल्बम लावला की बेसकडेच कान जातो. तेव्हा बेस असतो हेही मला माहीत नव्हतं.

बाबांना खरं सांगितलं मागच्या वर्षी. म्हणाले, "मले तेव्हाच माहीत होतं, मुलाखतीला कोणी काळा टीशर्ट घालून जाते का?"

खामगावकर

धागा छान चाललाय. मी जरा लांबून येतो.

आमच्या खामगावला जलंबहून रेल्वेचा फाटा आहे. तो १८७० ला सुरू झाला, कापसासाठी. त्याच्या आधी १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या वऱ्हाडाकडे वळल्या. भाव चढले, लोकांनी ज्वारी मोडून कपाशी लावली. युद्ध संपल्यावर भाव पडले. म्हणजे मिसिसिपीचं कापसाचं वावर आणि आपलं वावर हे दीडशे वर्षांपूर्वीच एका दोरीला बांधलेले आहेत.

तिकडे गुलामी कायद्यानं संपली, पण माणसं त्याच वावरात राहिली, बटईनं. बी-बियाणं मालकाकडून उधार, हंगामाच्या शेवटी हिशोब, हिशोबात बाकी निघतेच. ओळखीचं वाटतं ना? त्या वावरांतून ब्लूज आलं आणि ब्लूजमधून रॉक. मडी वॉटर्स हा ब्लूज गाणारा मिसिसिपीत स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबायचा, ट्रॅक्टरही चालवायचा. १९४१ ला ॲलन लोमॅक्स सरकारी ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करत तिथं पोचला आणि त्याच्या राहत्या घरी त्याचं गाणं रेकॉर्ड केलं. १९४३ ला मडी शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून इलेक्ट्रिक गिटार घेतली. मास्तरांच्या रोलिंग स्टोन्सनी आपलं नाव त्याच्याच गाण्यावरून ठेवलंय.

आणखी एक. १९२७ ला मिसिसिपीला महापूर आला. त्यावर मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मॅकॉय या नवरा-बायकोनं १९२९ ला गाणं केलं. तेच लेड झेपेलिन या रॉक बँडनं १९७१ च्या अल्बममध्ये घेतलं. त्यांच्या ड्रमवाल्या बॉनमचे ड्रम एका जुन्या मोठ्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ठेवले, माइक वर जिन्यातून टांगले. म्हणून तो ढोल विहिरीतून आल्यासारखा घुमतो. मी हे गाणं कॉलेजात शंभर वेळा ऐकलं, निव्वळ त्या ढोलासाठी. बांध फुटल्याचं गाणं आहे हे माहीत होतं, पण बांध फुटणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एका जुलैत रात्रीतून आमच्या नाल्याचा बांध गेला आणि सकाळी पाहिलं तर दीड एकराची काळी माती खरवडून नेलेली, खाली मुरूम. त्या आठवड्यात १९२९ ची मूळ रेकॉर्ड शोधून ऐकली. दोन गिटारी आणि एक आवाज, ढोल नाहीच. मला तीच जास्त मोठी वाटली.

तेव्हा कानसेन, पायऱ्या असतील तर माझ्या खाली उतरत गेल्या.

झाडीचा_पोरगा

खामगावकर काका, दोन्ही ऐकले. १९२९ वालं आधी बोर वाटलं. ढोल ऐकून जीव गेला. उद्या परत ऐकतो.

मास्तर_आर्वी

बोर वाटलं हे सरळ लिहिलंस, शाबास. आमच्या होस्टेलवर कोणाची अशी छाती नव्हती.

कानसेन

शेवटचं लिहितो. पुण्याला आल्यावर मी १९९० च्या दशकातल्या माझ्या सगळ्या मेटल कॅसेट भंगारवाल्याला दिल्या, अडुसष्ट होत्या. मित्रांसमोर कपाटात दिसायला नको म्हणून. खरं कारण तेवढंच होतं. जॅझ मला आज मनापासून आवडतं, पण सुरुवात त्या कपाटामुळे झाली. पऱ्हाटीताईंचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. किंग क्रिम्सन ऐकाच असं अजूनही म्हणेन, कारण सुंदर आहे. वरच्या पायरीवर आहे म्हणून नाही. त्या अडुसष्टमधल्या तीन-चार आठवतात, शोधतोय.

जागल्या

सगळ्यांचे आभार. दोन दिवस वेचणी चालू होती म्हणून उशीर झाला.

खामगावकरांचं वाचलं आणि काल दुपारी वावरात मडी वॉटर्सचं ते १९४१ चं रेकॉर्डिंग लावलं, फोनच्याच स्पीकरवर. धुऱ्यावर बाभळीखाली बाबा बसले होते, वेचलेला कापूस फडक्यात बांधत. वय एक्क्याऐंशी. इंग्रजी गाण्याला त्यांनी आजवर "बंद कर थे" याशिवाय काही म्हटलेलं नाही. या वेळी हात थांबला नाही, पण मान माझ्याकडे वळली.

"कोन होय हा?"

म्हटलं, अमेरिकेतला आहे बाबा, जुना.

"कास्तकार होय का?"

मी म्हटलं, हो, कापसाचा. बटईनं करणाऱ्यांतला.

"मंग बराबर," म्हणाले आणि गाठ मारली. गाणं संपल्यावर म्हणाले, "अजून हाय का याचं?"

कसं ओळखलं ते मी विचारलं नाही.

साडभाऊंना फोन केला. पुढच्या महिन्यात येणार आहेत, हुरड्याला. त्यांच्यासाठी सॅबथच ठेवलं आहे, बेंबळाकाठीभाऊंची गोष्ट आधी सांगून मग लावीन. आवडलं नाही तरी चालेल. झाडीच्या पोरा, तू काय ऐकतोस ते इथं नावानिशी लिही. आज रात्री माळ्यावर डाव्या कानात लावतो. हरभऱ्यात कालपासून कळप फिरतोय, उजवा कान मोकळा ठेवावाच लागेल. सकाळी घरी आलो की दोन्ही कानांनी परत ऐकतो आणि मग लिहितो.